सक्करदऱ्यात तोफा धडाडल्या तेव्हा राजा इंग्रजांच्या घरात बसला होता : आप्पासाहेब भोसल्यांची गोष्ट

नागपूरकराला सक्करदरा म्हटलं की चौक आठवतो, उड्डाणपूल आठवतो, तलाव आठवतो, बुधवारचा बाजार आठवतो. पण साधारण दोनशे वर्षांपूर्वी हा भाग शहराबाहेर होता. भोसल्यांची बाग होती, दाट झाडी होती. १६ डिसेंबर १८१७ च्या दुपारी याच झाडीतून इंग्रजी फौजेवर बंदुका सुटल्या आणि नागपूरच्या राज्याचा खेळ जवळपास आटोपला.

विशेष म्हणजे ज्या राजाची ही फौज होती, तो तिथे नव्हताच. तो सीताबर्डीला, इंग्रज रेसिडेंटच्या ताब्यात होता. वय वर्षं २१. नाव मुधोजी भोसले दुसरे, पण सगळा इतिहास त्यांना आप्पासाहेब म्हणूनच ओळखतो.

आप्पासाहेबांचा जन्म १७९६ चा. वडील व्यंकोजी म्हणजे नागपूरचे राजे दुसरे रघुजी यांचे धाकटे भाऊ. १८०३ मध्ये अडगावच्या लढाईत इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला, पाठोपाठ गाविलगड घेतला आणि देवगावच्या तहात कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. आप्पासाहेब तेव्हा सात वर्षांचे होते. म्हणजे या पोराला कळायला लागलं तेव्हापासून घरात राज्य आकसत गेल्याच्याच गोष्टी असणार.

मार्च १८१६ मध्ये रघुजी वारले. गादीवर आला त्यांचा मुलगा परसोजी. तो आंधळा होता, शरीराने पंगू होता, कारभार करणं शक्यच नव्हतं. मग त्याच्या नावाने कारभार कोणी करायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. एका बाजूला रघुजींची राणी बाकाबाई, दुसऱ्या बाजूला आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी बाजी मारली, पण त्यासाठी हात धरला तो इंग्रजांचा. मे १८१६ मध्ये त्यांनी रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सबरोबर तैनाती फौजेचा तह केला, तोही गुपचूप. रघुजींनी जे हयातभर टाळलं होतं, ते पुतण्याने दोन महिन्यांत करून टाकलं.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी अंथरुणात मेलेला सापडला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला होते. गादी त्यांच्याकडे आली. हा खून होता आणि तो आप्पासाहेबांनीच करवला, असं इंग्रजांनी नंतर, त्यांना पदावरून काढताना जोरात मांडलं. त्यांना सोयीचं होतं तेव्हा मात्र याच माणसाला त्यांनी राजा म्हणून मान्यता दिली होती, हे लक्षात ठेवलेलं बरं.

राजा झाल्यावर आप्पासाहेबांना तहाचा काच जाणवू लागला. तैनाती फौजेचा खर्च राज्याच्या डोक्यावर होता आणि परराष्ट्र धोरण जेन्किन्सच्या हातात. त्यांनी पुण्याला पेशव्यांशी सूत जमवलं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांवर हल्ला केला. २४ नोव्हेंबरला आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतीपदाची वस्त्रं उघडपणे स्वीकारली. आता लढाई अटळ होती.

पण लढाई म्हणजे फक्त माणसं आणि तोफा नाहीत. त्या काळची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी टाकायची, गजाने ठासायची आणि बत्ती द्यायची. तोफेचंही तेच. दारू कोरडी, दमदार आणि भरपूर नसेल तर अठरा हजारांची फौज म्हणजे अठरा हजार माणसांची जत्रा.

ही दारू तीन जिनसांची बनते. सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा ज्वलनासाठी प्राणवायू पुरवतो, गंधक पेट घ्यायला मदत करतो आणि प्रत्यक्ष जळतो तो मुख्यतः कोळसा. तिघांत स्वस्त कोळसाच, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. जुन्या कारागिरांचं जायचं. कारण कोळसा कुठल्या लाकडाचा, यावर दारू भसकन पेटणार की नुसतीच फुरफुरणार हे ठरतं.

बाभूळ, खैर यांचा कोळसा लोहाराच्या भात्यापुढे सोनं. जड, टणक, तासन् तास धग धरणारा. पण नेमकी हीच गोष्ट दारूत नको असते. तिथे जळण क्षणात संपायला हवं. त्यासाठी कोळसा हलका हवा, आतून सच्छिद्र हवा, बोटांत चुरगळला की सहज पीठ व्हायला हवा आणि मागे राख कमीत कमी राहायला हवी. अशी हलकी लाकडं युरोपात विलो, अल्डर यांची. आपल्याकडे ब्रिटिश काळातल्या वनस्पतींच्या नोंदींत दारूच्या कोळशासाठी वारंवार येणारी नावं म्हणजे तूर, रुई आणि शेवरी.

म्हणजे तुराट्या! शेतातली तूर झोडपून झाल्यावर विदर्भात ज्यांचे कुड घालतात, ज्या चुलीत जातात, त्याच काड्या. मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतात, त्याच रुईचं पोकळ, भेंडाळ लाकूड. नागपूरच्या आसपास यांतल्या कशाचीही कधी टंचाई नव्हती.

लाकूड नुसतं निवडून भागत नाही, ते कसं जाळलं यानेही फरक पडतो. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकारी दारूसाठी खड्ड्यात किंवा ढिगात कोळसा पाडायची जुनी पद्धत मागे पडली. बंद लोखंडी नळकांड्यांत लाकूड तापवायला सुरुवात झाली. ही सूचना केली होती रिचर्ड वॉटसन या बिशपने, जो आधी केंब्रिजला रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. धर्मगुरूने तोफांची दारू सुधारून द्यावी हा प्रकार तेव्हाही लोकांना गमतीचा वाटला होता. पण फायदा खरा होता. प्रत्येक खेपेचा कोळसा एकसारखा निघू लागला, त्यामुळे दारू जोरकस झाली आणि तोफेचा गोळा कुठवर जाईल याचा भरवसा वाढला.

कंपनीचं खरं बळ मात्र सोऱ्यात होतं. जगातला उत्तम सोरा बिहारच्या मातीतून निघायचा आणि प्लासीनंतर वर्षभरातच, १७५८ मध्ये, त्याची मक्तेदारी कंपनीने मिळवली. कलकत्त्याजवळ इशापूरला १७९१ पासून कंपनीची स्वतःची दारू बनू लागली. तुराट्या कोणालाही मिळत होत्या. बिहारचा सोरा आणि वर्षानुवर्षं एकाच मापाने चालणारा कारखाना, हे मिळत नव्हतं. (आज भारतातल्या स्फोटकांचे परवाने आणि सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय नागपुरातच आहे. विनापरवाना दारू बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तुराट्या चुलीतच बऱ्या.)

आता परत नोव्हेंबर १८१७.

२६ तारखेच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर गोळीबार सुरू झाला. इंग्रजांकडे लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम तेराशे-चौदाशे माणसं. भोसल्यांकडे सुमारे अठरा हजार, ३६ तोफा, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे तीन-चार हजार अरब शिपाई. रात्रभर लढाई चालली. २७ च्या सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली. तिथून मोठी टेकडी आणि रेसिडेन्सी थेट माऱ्यात येत होती. त्या घडीला नागपूरकर जिंकल्यातच जमा होते.

मग कॅप्टन फिट्झजेराल्डने मोजक्या घोडेस्वारांनिशी खालच्या मैदानात मुसंडी मारली. इतक्यात धाकट्या टेकडीवर अरबांजवळची दारूची एक गाडी उडाली. धूर, आरडाओरडा, पळापळ. इंग्रजांच्या शिपायांनी तेवढा वेळ साधला आणि संगिनी लावून टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत लढाई संपली होती. इंग्रजांची ३६७ माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे दर चार माणसांमागे एक. अठरा हजारांची फौज एका गाडीमुळे हरली असं म्हणणं सोपं होईल. फौजेला एक सेनापती नव्हता, बहुतेक पथकं बाजूला उभी राहिली, लढले ते मुख्यतः अरब. पण ती गाडी त्या क्षणी उडाली नसती तर पुढचं काय झालं असतं, हा प्रश्न नागपूरच्या इतिहासात कायम राहणारच.

आप्पासाहेब या लढाईत कुठे होते? मैदानात तर नव्हतेच. हल्ला आपल्या हुकमाशिवाय झाला, असा निरोप त्यांनी पराभवानंतर जेन्किन्सला पाठवला. इथे त्यांची बाजू घेणं अवघड होतं. पेशव्यांची वस्त्रं घालून लढाईला उभं राहायचं आणि हरल्यावर फौजेवर ढकलायचं, यात ना मुत्सद्दीपणा होता ना शौर्य.

१२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन नागपुरात पोचला. जेन्किन्सने अटी पाठवल्या. तोफा द्या, फौज मोडा आणि राजाने स्वतः रेसिडेन्सीत येऊन राहावं. आप्पासाहेबांनी थोडी मुदत मागितली, घोळ घातला आणि अखेर १६ ला सकाळी जाऊन स्वाधीन झाले. दुपारी तोफा ताब्यात देण्याचं ठरलं.

डव्हटनची फौज पुढे निघाली. पहिल्या तोफा बिनबोभाट मिळाल्या. पण फौज सक्करदऱ्याच्या बागेजवळ आली तशी झाडीतून बंदुका सुटल्या, पाठोपाठ तोफा. सरदारांनी आणि अरबांनी शस्त्रं टाकायला नकार दिला होता. सुमारे वीस हजारांच्या या फौजेला कोणाचा हुकूम होता? राजा तर शत्रूकडे ओलीस. डव्हटनच्या पायदळाने समोरून तोफांवर चाल केली, घोडदळाने बाजूने. काही तासांत छावणी, हत्ती आणि साठहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. उरलेले अरब पळून शहरात शिरले आणि दरवाजे लावून बसले.

शहरातला हा आठवडा मात्र अरबांचा होता. इंग्रजांनी जुम्मा दरवाजाला, म्हणजे आजच्या महालातल्या गांधी गेटला खिंडार पाडायचा प्रयत्न केला. २४ डिसेंबरचा हल्ला अरबांनी परतवून लावला. शेवटी वाटाघाटी झाल्या आणि ३० तारखेला ते बायकामुलांसह, सन्मानाने शहराबाहेर पडले. ज्यांनी राजापेक्षा जास्त झुंज दिली त्यांना राजापेक्षा बऱ्या अटी मिळाल्या.

६ जानेवारी १८१८ च्या करारात आप्पासाहेबांना गादी परत मिळाली, पण नर्मदेकाठचा मुलूख आणि वऱ्हाडातला उरलेला भाग गेला. सीताबर्डीवर इंग्रजांनी किल्ला बांधला. गप्प बसतील तर ते आप्पासाहेब कसले? त्यांनी गोंड सरदारांशी आणि बाजीरावांशी पुन्हा संधान बांधल्याचा आरोप झाला आणि १५ मार्चला त्यांना अटक झाली. कैदी म्हणून अलाहाबादकडे नेत असताना जबलपूरजवळ रायचूर इथे मेच्या मध्यावर एका रात्री ते शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले. आयुष्यात इतरत्र कचरणारा हा माणूस इथे मात्र कमालीचा धीट निघाला.

वर्षभर महादेवाच्या डोंगरांत गोंडांनी त्यांना सांभाळलं, त्यांच्यासाठी लढलेही. फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या आश्रयाला गेले. किल्ला शिंद्यांचा, किल्लेदार यशवंतराव लाड. त्यांच्याबरोबर आलेल्या चीतू पेंढाऱ्याला जंगलात वाघाने खाल्लं. किल्ल्याला वेढा घालायला आला तो पुन्हा डव्हटनच, सोबत माल्कम.

इथेही दारू आडवी आली, आधी इंग्रजांना. २१ मार्चला त्यांच्याच तोफांमागचा दारूचा साठा उडाला आणि सुमारे शंभर शिपाई मेले किंवा जखमी झाले. पण त्यांच्याकडे मागून येणारी रसद होती, किल्लेदाराकडे नव्हती. ९ एप्रिलला असीरगड पडला. भिंती अजून उभ्या होत्या, गडावरची दारू मात्र जवळपास संपली होती. इंग्रज आत शिरले तेव्हा आप्पासाहेब तिथे नव्हते.

पुढची वीस वर्षं वणवण. पंजाबात रणजितसिंहांच्या राज्यात काही काळ आसरा, नंतर डोंगरी संस्थानं, आणि शेवटी जोधपूर. तिथल्या महामंदिरात त्यांनी शरण घेतली. इंग्रजांनी मागणी केली, पण राजा मानसिंहांनी शरण आलेल्याला द्यायला नकार दिला. १८४० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, आप्पासाहेब जोधपुरातच वारले.

नागपूरच्या गादीवर इंग्रजांनी १८१८ मध्येच रघुजींच्या मुलीचा मुलगा, तिसरा रघुजी, बसवला होता. तोही डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारला आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने नागपूर खालसा केलं.