‘अवॉर्ड स्टाफ’चा न्यायाधीश

बँकेत मी लागलो तेव्हा हजेरीपटाचे दोन भाग असत. वर अधिकारी, खाली ‘अवॉर्ड स्टाफ’. कारकून, रोखपाल, दफ्तरी, शिपाई ही सारी मंडळी या दुसऱ्या भागात. सुट्टीत जेऊरला आलो असताना नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, की तुमच्या शिपायाला अवॉर्ड कशाबद्दल मिळालं? मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे मलाही नीटसं सांगता आलं नसतं. अवॉर्ड म्हणजे इथे बक्षीस नव्हे, निवाडा. पगार किती, महागाई भत्ता किती, कामाचे तास किती, यावर मालक आणि नोकर यांच्यातल्या भांडणाचा निवाडा. तो कोणी दिला आणि त्यासाठी किती पाणी पुलाखालून गेलं, हे शोधू लागलो तेव्हा एका मराठी माणसाशी येऊन थांबलो. त्यांचं नाव प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

देशाचे सातवे सरन्यायाधीश म्हणून त्यांचं नाव शाळेच्या सामान्यज्ञानात येतं. पण न्यायाधीशपदाच्या ऐन भराच्या काळात त्यांनी कष्टकऱ्यांच्या पगाराचे, बोनसचे आणि भरपाईचे तंटे सोडवले, हे फारसं कोणाच्या लक्षात राहत नाही.

१६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात त्यांचा जन्म झाला. घराणं मूळचं गजेंद्रगडचं, कानडी मुलखातलं. वडील बाळाचार्य संस्कृतचे पंडित, थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईत संस्कृतचे प्राध्यापक. प्रल्हादही त्याच वाटेनं जाणार असं वाटावं. धारवाडचं कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज करून ते एम. ए. झाले आणि मग कायद्याकडे वळले. १९२६ साली मुंबईत वकिली सुरू केली. तरीही पोथी सुटली नव्हती. नंद पंडितांच्या ‘दत्तकमीमांसे’ची चिकित्सक आवृत्ती त्यांनी सिद्ध केली. जुन्या ग्रंथातला एकेक शब्द तपासायची ही सवय त्यांना पुढे कामगार कायद्यातही उपयोगी पडली असावी, असं मला वाटतं. ‘उद्योग’ म्हणजे काय, ‘कामगार’ कोण, या शब्दांच्या अर्थावर तर कित्येकांची चूल पेटायची की नाही ते ठरत होतं.

१९४५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. दहा वर्षांनी बँकांचं भांडण त्यांच्या दारात आलं.

हे भांडण म्हणजे एक लांबलेलं महाभारतच होतं. पहिला, सेन निवाडा, १९५० साली आला. न्यायाधिकरणाच्या रचनेतच दोष निघाला म्हणून सर्वोच्च न्यायालयानं तो पुढच्या वर्षी रद्द केला. मग १९५३ साली शास्त्री निवाडा. त्यावर दोन्ही बाजू अपिलात गेल्या. त्या काळी कामगार तंट्यांसाठी देशात वेगळं अपील न्यायाधिकरण होतं. १९५० च्या कायद्यानं ते स्थापन झालं होतं. त्यानं १९५४ साली निर्णय दिला, आणि केंद्र सरकारनं तो आपल्या अधिकारात बदलून नोकरांच्या पदरातलं काही काढून घेतलं. कामगारमंत्री होते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले ते. न्यायाधिकरणानं दिलेलं सरकारनं कापावं हे त्यांना पटलं नाही आणि त्यांनी मंत्रिपद सोडलं. गडबड उडाली. सरकारनं न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांचा एकसदस्य आयोग नेमला, आणि काम चालू असतानाच राजाध्यक्ष वारले. त्यांच्या जागी गजेंद्रगडकर आले.

प्रश्न नुसता आकड्यांचा नव्हता. शास्त्री निवाड्यानं गावांचे लोकसंख्येप्रमाणे वर्ग पाडले होते. मोठ्या शहराला वरचा पगार, लहान गावाला खालचा. लहान गावातल्या शाखांना पगाराचा बोजा पेलणार नाही, मग बँका खेड्यांपर्यंत पोचणारच नाहीत, असं मालकांचं म्हणणं. उलट बाजूला मुंबईच्या नोकराइतकंच काम करणारा आडगावचा कारकून. मी स्वतः स्टेशनाच्या गावचा. जेऊरसारख्या ठिकाणी उघडलेली शाखा या हिशेबात तळाच्याच वर्गात बसली असती, त्यामुळे हा वाद मला पुस्तकी वाटत नाही. गजेंद्रगडकरांनी बँकांची ऐपत तपासली, लहान बँकांच्या अडचणी वेगळ्या धरल्या आणि अपील न्यायाधिकरणाचा निर्णय बव्हंशी पुन्हा उभा केला. सरकारनं तो मानला. १९५५ सालीच संसदेनं त्यासाठी कायदा केला.

१९५६ साली ते वेगळं अपील न्यायाधिकरण बंद झालं. परिणाम असा, की औद्योगिक न्यायाधिकरणांवरची अपिलं थेट सर्वोच्च न्यायालयात येऊ लागली, आणि नेमके त्याच साली गजेंद्रगडकर तिथे न्यायमूर्ती म्हणून रुजू झाले. बोनसचं सूत्र, किमान वेतन, बडतर्फी, सारं त्यांच्यापुढे आलं. किमान वेतन देण्याची ज्याची ऐपत नाही त्याला धंदा चालवण्याचा हक्क नाही, ही भूमिका त्यांनी एका निकालात स्वच्छ मांडली.

दोन खटल्यांपाशी मात्र मला थांबावंसं वाटतं.

पहिला १९६० सालचा. मुंबईच्या जे. जे. समूहाच्या रुग्णालयांत वॉर्डात काम करणाऱ्या दोन बायकांना कामावरून कमी केलं गेलं. सरकारच्या पुरवठा खात्यातून सुटलेल्या माणसांना त्यांच्या जागी घ्यायचं होतं. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, हा १९५३ पासूनचा कायदा. सरकार म्हणालं, रुग्णालय म्हणजे उद्योग नव्हेच, मग भरपाई कसली? उच्च न्यायालयानं बायकांच्या बाजूनं निकाल दिला, तर सरकार दिल्लीपर्यंत गेलं. गजेंद्रगडकरांनी ‘उद्योग’ शब्दाचा अर्थ रुंद केला. नफा नसेना का. माणसं एकत्र राबवून समाजाला सेवा पुरवणारी पद्धतशीर व्यवस्था असेल तर तो उद्योगच. बायका जिंकल्या.

तीनच वर्षांनी दिल्ली विद्यापीठाचं प्रकरण आलं. मुलींच्या कॉलेजची बस तोट्यात जाते म्हणून बंद झाली आणि ड्रायव्हरांना काढलं. त्यांनीही भरपाई मागितली, न्यायाधिकरणानं ती दिलीही होती. या वेळी गजेंद्रगडकरांनीच ती काढून घेतली. शिक्षण हे विद्यादानाचं काम. त्यात शिक्षक मुख्य, आणि शिक्षक कायद्याच्या अर्थानं कामगार नव्हेत, म्हणून विद्यापीठ उद्योग नव्हे, असा युक्तिवाद. मला तो आजही पटत नाही. ड्रायव्हर विद्यादान करत नव्हता, स्टिअरिंग धरत होता. रुग्णालयात डॉक्टरांचं व्रत वॉर्डातल्या बाईच्या आड आलं नाही, मग इथे गुरुजींचं व्रत ड्रायव्हरच्या आड का यावं? पंडितांच्या घरात वाढलेल्या माणसाला विद्येच्या मंदिराला कारखान्याचं नाव देववलं नसेल, असं एक कादंबरीकार म्हणून मला वाटतं. पण हा माझा तर्क.

१९६४ ते १९६६ ते सरन्यायाधीश होते. त्यानंतर गंमत अशी, की ते स्वतःच मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच काळात पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. १९६९ साली आलेल्या त्या अहवालात संघटना बांधू न शकणाऱ्या असंघटित मजुरांची दखल आहे. कामगार तंटे सरकारच्या हाताखालून काढून स्वतंत्र आयोगाकडे द्यावेत, ही त्यातली मोठी शिफारस. सरकारनं निवाडा कापल्याचं १९५४ चं प्रकरण निस्तरावं लागलेल्या माणसानं ती करावी, हे साहजिकच होतं. ती कधी अमलात आली नाही. पुढे विधी आयोग झाला, १९७२ साली पद्मविभूषण मिळालं.

फेब्रुवारी १९७८ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी उद्योगाच्या व्याख्येचा पुन्हा विचार केला. जे. जे.च्या बायकांचा निकाल त्यांनी उचलून धरला, आणि विद्यापीठाच्या ड्रायव्हरांचा खोडला. गजेंद्रगडकर तेव्हा सत्त्याहत्तराव्या वर्षी पोचत होते. १२ जून १९८१ रोजी ते गेले. माझी बँकेतली नोकरी त्यानंतर सुरू झाली, तोवर पगार युनियन आणि बँका समोरासमोर बसून करारानं ठरवू लागल्या होत्या. हजेरीपटावर मात्र आम्ही खालच्या भागाला अवॉर्ड स्टाफच म्हणत होतो.