माहलरचा अखेरचा ताप

गेल्या वर्षी माझ्या दादाची उजवी बाजू लुळी पडली. वय अवघे २५. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला, तिथला कण सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकला, असे डॉक्टरांनी आईला समजावले. आजाराचे नाव एंडोकार्डायटिस. ते ग्रंथालयात शोधताना मला संगीतकार गुस्ताव्ह माहलर भेटला.

बोहेमियातल्या दारूविक्रेत्याचा हा मुलगा १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचा प्रमुख झाला. १९०७ मध्ये त्याची थोरली मुलगी वारली आणि लगेच त्याच्या हृदयाच्या झडपेत दोष सापडला. डोंगर तुडवणारा माणूस पावले मोजून चालू लागला. काम मात्र सोडले नाही. २१ फेब्रुवारी १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये अंगात ताप असताना त्याने वाद्यवृंदाचे संचालन केले. (रोजंदारी बुडेल म्हणून दादाही महिनाभर ताप अंगावर काढीत होता.) डॉ. लिबमन यांनी रक्त तपासायला लावले. त्यात स्ट्रेप्टोकॉकस जंतू वाढले. पेनिसिलिन तेव्हा नव्हतेच. माहलर बोटीने युरोपात परतला आणि १८ मे रोजी व्हिएन्नात वारला. वय ५०. दहावी सिंफनी अपुरीच राहिली.

दादाला सहा आठवडे शिरेतून पेनिसिलिन मिळाले. सध्या तो माझ्या वहीत डाव्या हाताने सही गिरवतो.