कच्चे मडके ते महाद्वारीची पायरी

आषाढ शुद्ध एकादशीला चंद्रभागेत स्नान करून वारकरी महाद्वारी येतो, तेव्हा त्याचे मस्तक प्रथम टेकते ते नामदेवरायांच्या पायरीवर. श्रीविठ्ठलाच्या चरणांकडे जाणारी वाट अशी एका भक्तापासून सुरू होते. ही योग्यता नामदेवरायांना जन्मतः लाभलेली नव्हती. मन, वाणी आणि काया या तिहींचा पालट घडवून त्यांनी ती मिळविली. त्या पालटाची कथा आजच्या पुण्यदिनी आठवावी, असे मनात आले.

शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी नामदेवांचा जन्म झाला. घरी विठ्ठलाची उपासना होती. वडील परगावी गेले असता बाळ नामदेव नैवेद्य घेऊन राउळात गेले आणि देवाने जेवावे म्हणून हट्ट धरून बसले. अखेर देव जेवला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. एवढी सलगी लाभल्यावर भक्ती वाढली, पण तिच्या सावलीत एक सूक्ष्म अभिमानही वाढला. देव आपला आहे, तो पंढरीतच आहे, आणि आपण त्याचे सर्वांत लाडके आहोत, अशी त्यांची भावना झाली.

पुढे गोरोबाकाकांच्या तेर गावी संतांचा मेळा जमला. निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानदेव, मुक्ताबाई असे सारे तेथे होते. या मडक्यांत पक्के कोणते व कच्चे कोणते, ते पाहण्यास मुक्ताबाईंनी गोरोबांना सुचविले. गोरोबांनी थापटणे उचलले आणि ते एकेकाच्या मस्तकावर मारीत निघाले. सर्व संत शांत राहिले. नामदेवांना मात्र तो आघात सोसवेना. ते रागावले, रडले. हे मडके कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला.

कच्च्या मडक्याला आकार असतो, पण ते पाणी धरू शकत नाही. नामदेवांची भक्ती खोटी नव्हती. ती अजून भट्टीतून निघालेली नव्हती, इतकेच. अपमानाने व्याकुळ होऊन ते पंढरीस परतले आणि त्यांनी विठ्ठलाकडे गाऱ्हाणे मांडले. देव आपली बाजू घेईल अशी त्यांची खात्री होती. परंतु देवानेच संतांचा निर्णय मान्य केला व त्यांना विसोबा खेचरांकडे जाण्यास सांगितले. लाडक्या भक्ताला यापरते कठीण ते काय असावे? तरीही नामदेव गेले. त्यांच्या पालटाचा आरंभ या जाण्यात आहे.

हे विसोबा स्वतःच पालटलेले पुरुष होते. मुक्ताबाईंना मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून एके काळी धडपडलेले विसोबा पुढे त्याच भावंडांचे शिष्य झाले. औंढ्या नागनाथाच्या देवळात ते शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडलेले नामदेवांना दिसले, अशी परंपरा आहे. नामदेवांनी दोष देताच, जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सुचविले. नामदेव पाय उचलून ठेवतील तेथे पिंडी प्रकट होऊ लागली. देव नसलेली जागा सापडेना, आणि मन पालटले.

मनामागून वाणी पालटली. विठ्ठलाशी त्यांचे प्रेमाचे भांडण सुटले नाही. पण आता ती वाणी इतरांसाठीही वाहू लागली. शके १२१८ मध्ये, म्हणजे इ. स. १२९६ साली, ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली. त्या वियोगाची आणि ज्ञानोबांच्या चरित्राची गाथा नामदेवांनी अभंगांत गुंफली. पुढे कीर्तन करीत ते उत्तरेस पंजाबापर्यंत गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पावन झाले आहे. पंढरीबाहेर ज्यांना देव दिसत नव्हता, त्यांनी दूरदेशीच्या लोकांच्या बोलीत देवाचे नाम गाइले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि इ. स. २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनही त्या घुमानास भरले.

वाणीमागून कृती आली. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मुलांनाही ठाऊक आहे. पण त्याहून मोठी कृती चोखोबांच्या निर्याणानंतरची. ज्यांना राउळात प्रवेश नव्हता, ते चोखोबा इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास कुसाची भिंत कोसळून गेले. नामदेवराय तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटत होता त्या त्यांनी वेचल्या आणि पंढरीस आणून महाद्वारी त्यांची समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. सर्वांभूती देव आहे, असे म्हणणे सोपे. त्यासाठी ढिगाऱ्यात हात घालणे कठीण.

शके १२७२ मध्ये, इ. स. १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवरायांनी महाद्वारी देह ठेवला. संतांच्या चरणांची धूळ आपल्या मस्तकी पडावी, हीच त्यांची इच्छा होती. थापटण्याचा एक आघात ज्या मस्तकाला सोसला नव्हता, तेच मस्तक आता सहस्रावधी पावलांखाली स्वेच्छेने ठेवले गेले. भाविक मात्र त्या पायरीवर पाय ठेवीत नाहीत, मस्तक ठेवतात.

आम्ही कीर्तनकार ही कथा वर्षानुवर्षे रंगवून सांगतो. आणि घरी कोणी वयाने लहान माणसाने आमची चूक दाखविली, तर त्याच क्षणी तोंड फिरवतो. थापटणे कोणाच्या हाती असेल, ते सांगता येत नाही. कधी ते सुनेच्या शब्दांत असते, कधी शेजाऱ्याच्या, कधी पोटच्या मुलाच्या. आघात झाल्यावर क्षणभर शांत राहावे, दोष खरा असेल तर तो शिकविणाऱ्याकडे जावे, जिभेवर आलेला कठोर शब्द गिळावा आणि एखादे तरी काम दुसऱ्यासाठी करावे. आजच्या उपवासाला या व्रताची जोड मिळो, आणि आपले मडके पक्व होवो, हीच नामदेवरायांच्या पायरीशी नम्र प्रार्थना.