असन्निधानकाळातील म्हाइंभट

भंडारा हे वैनगंगेकाठचे नगर आपल्या मार्गास नीळभट्ट भांडारेकारांमुळे परिचित आहे. त्यांची व श्रीचक्रधर स्वामींची भेट येथे झाली ती एकांकातील होय. त्या काळी स्वामी एकटे परिभ्रमण करीत होते, भक्तपरिवार जमावयाचा होता. मग ही लीळा आपल्यापर्यंत आली कशी? स्वामींनी पुढे प्रसंगपरत्वे भक्तजनांस आपली पूर्ववार्ता सांगितली आणि भक्तजनांकडून ती म्हाइंभटांनी मिळविली. म्हणून भंडाऱ्याच्या वाचकांनी तरी या पुरुषाचे चरित्र अवश्य जाणावे.

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. विद्वान, संपन्न, आणि विद्येचा अभिमान बाळगणारे. डोमेग्रामी ते स्वामींकडे आले ते शास्त्रचर्चेत आपले पांडित्य दाखविण्याच्या ईर्ष्येने. तो अभिमान तेथेच गळाला.

शके 1196, म्हणजे इ. स. 1274 च्या सुमारास, स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. परिवारावर हा जो आघात झाला त्याची कल्पना आज करणे कठीण. ज्यांनी घर, वृत्ती, आप्त सोडून स्वामींच्या चरणी जीवित वाहिले, त्यांस परत जाण्यास घर उरले नव्हते. भटोबासांसारखा धीराचा पुरुष दुःखाने व्याकुळ झाला. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे सर्व मंडळी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आली, म्हणून ती तगली. सेवा होती, भिक्षा होती. तरी विरह ओसरला नाही. काळ सर्व दुःख शमवितो असे लोक म्हणतात. या मंडळींच्या बाबतीत मला तसे दिसत नाही.

भटोबास एकांती स्वामींच्या लीळा आठवीत बसत. ते स्मरण म्हाइंभटांच्या ध्यानी आले. आठविणारे वृद्ध होत चालले होते. ते गेले की लीळाही जातील, हे त्यांनी जाणले. भटोबासांच्या अनुमतीने त्यांनी लेखन आरंभिले. इ. स. 1278 च्या सुमारास रिद्धपुरी वाजेश्वरीत हे कार्य चालले, असे परंपरा मानते. ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली, त्याच्याकडे जाऊन ती विचारावयाची, मग भटोबासांकडून पडताळून घ्यावयाची, असा क्रम होता. एकाच लीळेचे दोन जणांचे स्मरण भिन्न निघाले तर एक वासना सोडून दुसरी घेण्याऐवजी दोन्ही नोंदवावयाच्या. शास्त्रार्थात प्रतिपक्षाचा शब्द खोडण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी एखाद्या साध्या बाईची आठवणही जशीच्या तशी राखावी, हे मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा मोठे वाटते. भाषाही त्यांनी बोलणाऱ्यांचीच, मराठी, ठेविली.

पुढे श्रीगोविंदप्रभूंचेही प्रयाण झाले. परिवार दुसऱ्यांदा पोरका झाला. म्हाइंभटांनी पुनः लेखणी घेतली आणि त्यांच्या लीळांचेही चरित्र सिद्ध केले.

इतक्या श्रमाने झालेला लीळाचरित्राचा मूळ ग्रंथ चौदाव्या शतकाच्या आरंभी खालशाच्या धाडीत नष्ट झाला. तेव्हा ज्यांनी तो मुखोद्गत केला होता त्यांनी आपापल्या स्मरणातून पुनः उतरविला. त्यात हिराइसांचा पाठ विशेष मानला जातो. आपल्या पोथ्यांतील पाठभेद त्या काळचे आहेत. आणि भांडारेकारांची लीळा त्या पोथ्यांतून आज भंडाऱ्यास वाचावयास मिळते.