स्मार्ट लॉकच्या जमान्यात अर्देशीर गोदरेज का आठवावेत? जाणून घ्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कुलपांची गोष्ट

पुण्यात नव्या फ्लॅटच्या दारावर बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप आणि सोसायटीच्या गेटवर सीसीटीव्ही आता सर्रास दिसतो. या प्रत्येक उपकरणात एक छोटा संगणक असतो. त्याच्या सुरक्षेचे प्रश्न मात्र जुनेच आहेत. किल्ली कोणाकडे आहे? ती चोरीला गेली तर काय? कुणी छेडछाड केली तर कसे कळणार? सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत याच प्रश्नांची उत्तरे कुलपातच बसवणारे उद्योजक म्हणजे अर्देशीर गोदरेज.

वकिली का सोडली?

अर्देशीर यांचा जन्म १८६८ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून त्यांच्या तरुण पत्नीचा मृत्यू झाला. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी ते झांझिबारला गेले. अशिलासाठी सत्याला मुरड घालणे पटेना, म्हणून वकिली सोडून परतले.

मेरवानजी कामा यांच्याकडून ३ हजार रुपये कर्ज घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवायला घेतली. त्यांवर भारतीय बनावटीचा शिक्का असावा, हा त्यांचा आग्रह होता. ब्रिटिश खरेदीदाराने तो नाकारला आणि धंदा तिथेच थांबला. त्याच सुमारास मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांची बातमी त्यांनी वाचली. १८९७ मध्ये लालबागच्या एका छोट्या शेडमध्ये कुलपांचे काम सुरू झाले.

कुलपांत वेगळे काय होते?

एक किल्ली, एकच कुलूप : एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागू नये, अशी रचना होती. आजची अनेक उपकरणे इथेच चुकतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला सरसकट एकच पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. एका किल्लीने हजारो दारे उघडावीत, तसाच हा प्रकार.

चोरीची किल्ली बाद : ‘गॉर्डियन’ कुलपाला दोन किल्ल्या होत्या. दुसरी किल्ली फिरवली की आतली रचना बदलायची आणि पहिली किल्ली निकामी व्हायची. फोन हरवल्यावर आपण सगळीकडून लॉगआउट करतो, त्यामागचे तत्त्व हेच.

छेडछाडीची खूण : ‘डिटेक्टर’ कुलपात चुकीची किल्ली घातली की आतला खटका अडकून बसे. तो मालकाच्या खऱ्या किल्लीनेच सुटे. म्हणजे चोर आत गेला नाही तरी त्याने प्रयत्न केल्याचे कळायचे. अनेकदा पिन चुकल्यावर लॉक होणारे कार्ड हेच करते.

तिजोरीची परीक्षा कधी झाली?

१९०२ पासून गोदरेज तिजोऱ्या बाजारात आल्या. सांधा म्हणजे कमकुवत जागा, म्हणून पोलादी पत्रा दुमडून सांधे कमी ठेवले जात. आगीतही आतला ऐवज टिकावा, हा दुसरा निकष. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत स्फोट झाला, तेव्हा त्या आगीतून या तिजोऱ्यांतील कागदपत्रे सुखरूप निघाली. ते पाहायला अर्देशीर नव्हते, १९३६ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

मधल्या काळात त्यांनी वनस्पती तेलाचा साबण आणला. त्याचेही नाव ‘चावी’. टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये दिले. अखेरच्या वर्षांत व्यवसाय धाकटे बंधू पिरोजशा यांच्याकडे सोपवून ते नाशिकला शेतीत रमले.

आज काय तपासावे?

एप्रिल २०२५ पासून देशात विक्रीसाठी येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी बंधनकारक आहे. तरीही स्मार्ट लॉक किंवा कॅमेरा घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. प्रत्येक नगाचा पासवर्ड वेगळा आहे का? भाडेकरू किंवा कामगार बदलल्यावर जुना प्रवेश लगेच रद्द करता येतो का? चुकीच्या प्रयत्नांची नोंद मालकाच्या फोनवर येते का? एकाचे जरी उत्तर ‘नाही’ असेल, तर ते उपकरण १८९७ च्या लालबागच्या शेडमधील विचारापेक्षाही मागे आहे.