बाळशास्त्री जांभेकर : मराठीतून विज्ञान सांगणारे गुरुजी



बाळशास्त्री आपल्याला १८३२ च्या 'दर्पण'मुळे माहीत आहेत. पण ते शिक्षकही होते. जन्म १८१२ चा, सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचा. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये ते प्राध्यापक झाले. पुढे शाळा तपासल्या, शिक्षक घडवणारा अध्यापकवर्गही चालवला. १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढून त्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आकृत्यांसह मराठीत आणलं. १८४६ मध्ये, ऐन तरुण वयातच ते गेले.

आज आपल्या बीडकडची नववीची पोरं 'त्वरण' शब्दालाच घाबरतात, अन् व्याख्या पाठ करून मोकळी होतात. त्यांना स्टँडवरून सुटणारी एसटी दाखवा. दर सेकंदाला तिचा वेग जितका बदलतो, ते त्वरण. ब्रेक लागला तरी त्वरणच, फक्त उलट्या दिशेचं. शब्द आधी समजू द्या, व्याख्या मग आपोआप पाठ होते.