साष्टीचे पाद्रीगुरू : फादर थॉमस स्टीफन्स आणि सामुदायिक शास्त्रवाचन

आज आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरांत पवित्र बायबल आहे. अनेक ठिकाणी वर्षारंभी संपूर्ण बायबल वर्षभरात वाचून पूर्ण करण्याचा संकल्प केला जातो. कुटुंबात, वाडीवाडीत व प्रार्थनागटांत अध्याय वाटून घेतले जातात. असा संकल्प उत्साहाने सुरू होतो आणि पुष्कळदा निर्गम किंवा लेवीय या पुस्तकांपाशी येऊन मंदावतो. अशा वेळी एका थोर येशूसंघीय धर्मगुरूचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल. चारशे वर्षांपूर्वी मराठीत बायबल उपलब्ध नव्हते आणि बहुसंख्य श्रद्धावंतांना अक्षरओळखही नव्हती. त्या काळात या धर्मगुरूने तारणाचा समग्र इतिहास सर्वांनी एकत्र बसून ऐकावा अशा रूपात सिद्ध केला. ते धर्मगुरू म्हणजे 'ख्रिस्तपुराण' या महाकाव्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

छळाच्या भूमीतून

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात बुश्टन या गावी झाला. त्यांचे वडील लंडनमध्ये व्यापार करीत. राणी एलिझाबेथच्या राजवटीत इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्माचे पालन करणे हा गुन्हा ठरला होता. पवित्र मिस्सा लपूनछपून साजरी करावी लागे. तरुण थॉमस यांचा थॉमस पाउंड नावाच्या एका धर्मनिष्ठ सरदारपुत्राशी स्नेह जडला. दोघांनीही येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय केला होता. परंतु देश सोडण्यापूर्वीच पाउंड यांना अटक झाली आणि आयुष्याची सुमारे तीस वर्षे त्यांना तुरुंगात काढावी लागली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघाच्या नवदीक्षितगृहात प्रवेश केला.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कार्याने त्या काळी युरोपातील असंख्य तरुणांना पूर्वेकडे ओढून घेतले होते. स्टीफन्स यांनीही भारतात पाठविण्याची विनंती वरिष्ठांना केली. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन बंदर सोडले आणि आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास पोहोचले. या साडेसहा महिन्यांच्या खडतर प्रवासाचे वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळविले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि इंग्रज दर्यावर्दींनी ते आवडीने वाचले. भारतात दीर्घकाळ वास्तव्य करणाऱ्या इंग्रजांत फादर स्टीफन्स यांचे नाव अगदी आरंभी घेतले जाते. व्यापार किंवा राज्य यांच्यासाठी ते आले नव्हते. ज्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवले ती पुन्हा कधी सोडलीही नाही. १६१९ मध्ये त्यांचे देहावसान झाले, तोवर सुमारे चाळीस वर्षे ते भारतातच राहिले.

दुखावलेली साष्टी

गोव्यात गुरुदीक्षा झाल्यानंतर त्यांची नेमणूक दक्षिणेकडील साष्टी महालात झाली. तेथील परिस्थिती अत्यंत नाजूक होती. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील मंदिरे पाडली होती, तसेच जुन्या धर्मग्रंथांच्या वाचनावर व सणसमारंभांवर बंदी घातली होती. लोकांच्या मनात त्याविषयी खोल जखम होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे या संतापाचा स्फोट झाला. अकबर बादशहाच्या दरबारातून नुकतेच परतलेले फादर रुडॉल्फ अॅक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती तेथे मारले गेले. त्यांच्याबरोबर काही प्रापंचिक ख्रिस्ती बांधवांनाही प्राण गमवावे लागले. त्या हुतात्म्यांचे देह ताब्यात घेऊन त्यांचा अंत्यविधी करण्याचे दुःखद कर्तव्य फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावले आणि विश्वासघाताने त्यांची हत्या केली. रक्त दोन्ही बाजूंनी सांडले.

स्वदेशात धर्मासाठी छळ सोसलेल्या समाजातून आलेला हा धर्मगुरू आता अशा प्रदेशात सेवा करीत होता, जेथे त्याच्याच धर्माच्या नावाने सत्ता चालत होती. या परिस्थितीत फादर स्टीफन्स यांनी लोकांच्या भाषेची वाट धरली. ते कोकणी व मराठी शिकले, संस्कृतचाही त्यांनी परिचय करून घेतला. १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी नमूद केले. भाषाशास्त्रज्ञांनी हा संबंध शास्त्रीय पायावर मांडला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी.

एक रास्त तक्रार

ख्रिस्तपुराणाच्या प्रारंभी एक प्रसंग येतो. रविवारी मुलांची धर्मशिकवण संपल्यावर एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे येतो व विनयाने आपले गाऱ्हाणे मांडतो. आमची जुनी पुराणे आम्ही सोडली, त्याबदली आमच्या हाती केवळ प्रश्नोत्तरांची धर्मशिकवण आली. तर मग आम्हाला मन रमवील असे आमच्या भाषेतले एखादे नवे पुराण का मिळू नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

ही तक्रार किती खोल आहे याचा आपण विचार करावा. पुराणश्रवण हा गावजीवनाचा प्राण होता. सायंकाळी लोक एकत्र जमत, एक जण वाचून दाखवी, बाकीचे ऐकत, शंका विचारत, रडत व हसत. बाप्तिस्मा घेतल्यावर ती बैठकच संपुष्टात आली होती. मिस्सेतील शास्त्रपाठ लॅटिन भाषेत होत, ते सामान्य माणसाला कळत नसत. श्रद्धावंतांजवळ नियम होते, प्रार्थना होत्या, परंतु ज्या इतिहासातून ती श्रद्धा जन्मली तो इतिहास त्यांच्या कानांपर्यंत पोहोचला नव्हता.

फादर स्टीफन्स यांनी ही तक्रार रास्त मानली आणि तिला उत्तर म्हणून सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून आब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, शलमोन व संदेष्टे यांच्यापर्यंत जुन्या कराराचा इतिहास ३६ अवस्वरांत, म्हणजे अध्यायांत, येतो. दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरांत पवित्र मरियेचे चरित्र आणि प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान व स्वर्गारोहण यांचे कथन आहे. जुना करार ही नव्या कराराची तयारी आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण ग्रंथाच्या रचनेतूनच श्रोत्यांना उमजत असे.

ग्रंथाची भाषा मराठी आहे व तिच्यात कोकणी शब्दांची सहज मिसळण आहे. ज्या ओवी छंदात ज्ञानेश्वर व एकनाथ यांनी लेखन केले, तोच छंद त्यांनी स्वीकारला. ओवी कानाला गोड लागते, गाता येते आणि ऐकता ऐकता पाठ होते. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी हीच पाठांतराची सोय होती. वैकुंठासारखे लोकांच्या ओळखीचे शब्द त्यांनी नव्या अर्थाने योजले. मराठी भाषेच्या गौरवार्थ त्यांनी लिहिलेल्या ओव्या मराठीप्रेमी आजही आवर्जून स्मरतात.

पाद्रीगुरू कथा सांगत आहेत, श्रोत्यांपैकी कोणी मध्येच शंका विचारतो आणि पाद्रीगुरू तिचे निरसन करतात, अशी संवादाची धाटणी ग्रंथात आहे. श्रोत्याची शंका म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे या मांडणीतून दिसते. प्रश्न विचारणाऱ्याला बैठकीत मानाचे स्थान आहे.

छापखाना आणि लिपी

हा ग्रंथ देशी लिपीत छापला जावा अशी फादर स्टीफन्स यांची मनोमन इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी येशूसंघाच्या रोममधील सर्वोच्च वरिष्ठांना पत्र लिहून त्याविषयी परवानगी मागितली. या लिपीत अक्षरे जोडून लिहिली जात असल्याने सुमारे ६०० साचे लागतील, याची त्यांना कल्पना होती. ती इच्छा पूर्ण झाली नाही. १६१६ मध्ये ग्रंथ रायतूर येथील येशूसंघीय विद्यालयाच्या छापखान्यात रोमन अक्षरांत छापण्यात आला. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. फादर स्टीफन्स यांनी लिहिलेली कोकणी भाषेतील धर्मशिकवण १६२२ मध्ये, तर कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली.

मराठी नवा करार छापून प्रसिद्ध झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, बंगालमधील श्रीरामपूर येथे. त्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे ख्रिस्तपुराण लोकांना उपलब्ध झाले होते. ते बायबलचे भाषांतर नव्हे, याची जाणीव ठेवली पाहिजे. तथापि बायबलमधील इतिहास मराठी माणसाच्या मुखी प्रथम रुळला तो या ग्रंथामुळे.

मंडळीने जपलेला ग्रंथ

रविवारी व सणांच्या दिवशी ख्रिस्तमंदिरांत या पुराणाचे वाचन होऊ लागले. घरांतूनही ते गायले जाई. मग प्रतिकूल काळ आला. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज भाषा स्वीकारावी असा हुकूम काढला. सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज अभ्यासकांना ज्ञात नाही.

छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी ग्रंथ नाहीसा झाला नाही. गोव्यातून दक्षिणेकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकलून काढलेल्या प्रती पिढ्यान्पिढ्या सांभाळल्या. अशा हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून ख्रिस्तपुराणाची रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे लंडनमध्ये देवनागरी लिपीतील एक हस्तलिखितही अभ्यासकांच्या हाती आले. १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. फादर स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये बाळगलेली इच्छा अशा रीतीने जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी फळास आली. अलीकडच्या काळात सलेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फलकाव यांनी या ग्रंथाचा सखोल अभ्यास करून तो आजच्या वाचकांसाठी सुलभ केला आहे.

हा ग्रंथ कोणत्याही सत्तेने टिकविला नाही. ज्यांनी तो एकत्र बसून ऐकला व गायला, त्यांनीच तो वाचविला. एकट्याने वाचलेले पुस्तक विस्मृतीत जाऊ शकते. सर्वांनी मिळून ऐकलेला शब्द मात्र मंडळीच्या स्मरणात घर करतो. फादर स्टीफन्स यांच्या जीवनकार्याचा हाच मोठा बोध आहे.

आपल्यासाठी

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये देवशब्दाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात पवित्र शास्त्राचे द्वार सर्व श्रद्धावंतांसाठी खुले असावे असे प्रतिपादन केले. त्यानंतर नवी शास्त्रपाठांची व्यवस्था आली. रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्रात आणि सामान्य काळातील इतर दिवसांचे पहिले पाठ दोन वर्षांच्या चक्रात आपल्यापुढे येतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून घोषित केला. वसईचे सुपुत्र दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ने आजच्या मराठीत देवशब्द आपल्या हाती दिला. साष्टीच्या त्या नवख्रिस्ती बांधवाला जे मागावे लागले, ते आपल्याला न मागता लाभले आहे.

ख्रिस्तपुराणाचे ९५ अवस्वर आठवड्याला दोन याप्रमाणे वाचले तर ४८ आठवड्यांत, म्हणजे वर्षाच्या आत, पूर्ण होतात. दररोज ३० ओव्या वाचल्या तरी वर्षभरात ग्रंथ संपत येतो. बायबलचे वार्षिक वाचनही असेच वाटून घेता येते. परंतु केवळ अध्यायांची मोजणी केल्याने संकल्प तडीस जात नाही. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी ऐकावे, ज्याला शंका येईल त्याने ती निःसंकोच विचारावी आणि जो एका दिवशी येऊ शकला नाही त्याला मागील कथा दुसऱ्याने सांगावी. लेवीय पुस्तकातील बारीकसारीक नियमांपाशी वाचन अडखळले, तर त्या अडखळण्याविषयीच बैठकीत बोलावे. घरातील वृद्धांना डोळ्यांनी वाचता येत नसेल, तर त्यांनाही कानांनी या वाचनात सहभागी होता येते. ज्या श्रोत्यांसाठी फादर स्टीफन्स यांनी आपल्या ओव्या रचल्या, त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्या कानांनीच ग्रहण केल्या होत्या.

विल्टशायरच्या एका खेड्यात जन्मलेल्या या धर्मगुरूने आपली मातृभाषा बाजूला ठेवून आपल्या लोकांच्या भाषेत देवशब्द पेरला. त्यांची भाषा आपली मातृभाषा आहे. तिच्यातून तो शब्द एकत्र बसून ऐकणे व पुढील पिढीच्या कानी घालणे, हीच त्यांच्या स्मृतीला खरी आदरांजली ठरेल.